चौदा कुंड्या आणि सासऱ्यांचा ब्रश

हेडक्लार्कने फक्त एक कुंडी आणायचं ठरवलं होतं. एक कुंडी, तिच्यात टोमॅटोचं एक रोप, बाल्कनीच्या कोपऱ्यात, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण रोपवाटिकावाला म्हणाला, "एकटं रोप कशाला नेता साहेब, कंटाळेल," आणि ज्या माणसाने बावीस वर्षांच्या नोकरीत कुणाला 'नाही' म्हटलं नव्हतं (वरिष्ठांना भीतीपोटी, हाताखालच्यांना आळसापोटी), तो चौदा रोपं घेऊन घरी आला. घरात कुंड्या होत्या तीन. बाकीच्यांची सोय त्याने रंगाच्या रिकाम्या बादल्या, एक गळका टब आणि बायकोचा कपडे भिजवायचा नवा टब यांत केली. नव्या टबालाही भोकं पाडावी लागली, कारण पाण्याचा निचरा झालाच पाहिजे, असं पुस्तकात लिहिलं होतं.

बायको पोस्टात काउंटरवर होती. दिवसभर लोकांची ऐकून घेऊन ती घरी येई, तेव्हा आणखी काही ऐकायची तिची तयारी नसे. त्या संध्याकाळी ती धुतलेले कपडे घेऊन बाल्कनीच्या दारापर्यंत गेली आणि तिथेच खिळली.

"अहो, आपली बाल्कनी कुठे गेली?"

"आहे की. रोपांच्या खाली आहे."

"आणि मी कपडे कुठे वाळत घालू?"

"दोरी आहे ना वर."

"दोरी वर आहे हो, पण मी खाली कुठे उभी राहू? उडत उडत घालू का कपडे?" मग तिची नजर नव्या टबाकडे गेली आणि तिचा आवाज एकदम शांत झाला. आवाज शांत झाला की हेडक्लार्कला घाम फुटायचा. "व्यायामाची सायकल आणलीत, तिच्यावर टॉवेल वाळतात. माशांची टाकी आणलीत, तिच्यात कांदे-बटाटे राहतात. बासरी आणलीत, तिने मी जळमटं काढते. एकोणीस वर्षं झाली आपल्या लग्नाला, एक तरी गोष्ट तुम्ही शेवटाला नेलीत?"

"आपलं लग्न," हेडक्लार्क चाचरत म्हणाला.

"ते मी नेतेय."

तिने तिथल्या तिथे निकाल दिला. तीन महिने. तीन महिन्यांत या बाल्कनीत एक टोमॅटो, फक्त एक, दिसला तर कुंड्या राहतील. नाही दिसला तर चौदाच्या चौदा खाली जातील, आणि इथून पुढे घरात कुठलीही नवी गोष्ट तिच्या सहीशिवाय येणार नाही.

हे हेडक्लार्कच्या मनाला लागलं. असं लागलं, की तो पहाटे उठू लागला. (ऑफिसात कुणाचा यावर विश्वास बसला नाही.) त्याने खत घातलं, काठ्या रोवल्या, दोऱ्या बांधल्या. रोपं छातीपर्यंत वाढली, पिवळी फुलं आली. आणि मग फुलं टपाटप गळायला लागली. रोज सकाळी फरशीवर पिवळा सडा, आणि झाडावर टोमॅटोच्या नावाने शून्य. दोन महिने संपले. तो पुन्हा रोपवाटिकेत धावला.

"बाल्कनीत वारा येतो का?" रोपवाटिकावाल्याने विचारलं.

"समोरची बिल्डिंग इतकी जवळ आहे, की वारा आडवा झाला तरी शिरत नाही."

"भुंगे?"

"चौथ्या मजल्यावर? लिफ्ट बंद असली की आमच्याकडे पाहुणेसुद्धा चढत नाहीत."

"मग फळ धरणार कसं साहेब? फूल थरथरलं पाहिजे, तेव्हा आतला पराग खाली पडतो. वारा नाही, भुंगा नाही, तर भुंग्याचं काम तुम्ही करा. घरात काही थरथरणारं असेल तर फुलाच्या देठाला लावा."

त्या दिवसापासून हेडक्लार्क घरात थरथरणाऱ्या वस्तू शोधत हिंडू लागला. आधी त्याने मोबाइल फुलांना टेकवला आणि ऑफिसातल्या टायपिस्टला सांगितलं, "मला वीस वेळा फोन कर, मी उचलणार नाही." टायपिस्टने केले, याने उचलले नाहीत, आणि दोन दिवसांत अख्ख्या ऑफिसात बातमी पसरली की या दोघांचं बिनसलं. मग त्याने एक कुंडी चालू वॉशिंग मशीनवर ठेवली. कुंडी नाचत नाचत कडेला गेली आणि शेजारच्या बादलीत, धुतलेल्या चादरींवर, उभीच्या उभी उतरली. बायकोने त्या चादरी पुन्हा धुतल्या.

अशा वेळी सासरे महिनाभर राहायला आले.

सासरे म्हणजे दातांचे डॉक्टर. चाळीस वर्षं प्रॅक्टिस करून निवृत्त झालेले. वय चौऱ्याहत्तर, आणि तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात स्वतःचे. हा त्यांच्या आयुष्याचा मोठा अभिमान होता. कुणी नमस्कार केला तरी ते आधी त्याच्या हिरड्या बघत. निवृत्तीच्या दिवशी विद्यार्थ्यांनी त्यांना एक बॅटरीवर चालणारा टूथब्रश भेट दिला होता. तो ते मखमली पिशवीत ठेवत. पहिल्याच सकाळी बाथरूमच्या बंद दारामागून 'घुर्रर्र' असा आवाज आला. बाहेर टॉवेल घेऊन ताटकळत उभ्या असलेल्या हेडक्लार्कच्या अंगावर काटा आला. हा हुबेहूब भुंगाच होता!

आता कुठलाही शहाणा माणूस दुकानात जाऊन स्वतःसाठी असला एक ब्रश घेऊन आला असता. पण घरात नवी वस्तू आणायची म्हणजे सही लागणार, सही मागायची म्हणजे कारण सांगावं लागणार, आणि तिसरा प्रयोग चाललाय हे बायकोला सांगायची त्याची छाती नव्हती. सासरे सहा वाजता दात घासून फिरायला जात. सव्वासहाला हेडक्लार्क मखमली पिशवी उघडायचा. ब्रशची पाठ देठाला हळूच टेकवायची, बटण दाबायचं, घुर्रर्र, की फुलातून पिवळी धूळ झरायची. एकेक करून चौदा झाडं. मग ब्रश नळाखाली धुवायचा. (त्याच्या मते धुवायचा.) पुसायचा, पिशवीत ठेवायचा आणि निरागस चेहऱ्याने पेपर उघडायचा.

आठ दिवसांत चमत्कार झाला. फुलं गळायची थांबली आणि एका देठावर वाटाण्याएवढा हिरवा गोळा दिसला. हेडक्लार्कचे डोळे भरून आले. स्वतःच्या हाताने काही घडवल्याचा हा त्याचा आयुष्यातला पहिलाच अनुभव होता. मात्र बायकोला त्याने एवढ्यात सांगितलं नाही. गोळा लिंबाएवढा झाला की हात धरून तिला दाखवायचा, असं त्याने ठरवलं.

इकडे सासरे अस्वस्थ झाले होते.

"जावईबापू," ते एकदा चहा पिता पिता म्हणाले, "तुमच्या इथल्या पाण्याला पाल्याचा वास येतो का हो?"

"नाही बुवा," म्हणत हेडक्लार्कने पेपर नाकापर्यंत वर घेतला.

"मग टूथपेस्टच बिघडली असणार."

त्यांनी पेस्ट बदलली. चार दिवसांनी पुन्हा बदलली. वास जाईना. मग ते आरशासमोर तासन् तास जीभ बाहेर काढून उभे राहू लागले. "तोंडाची चव जाणं हे काही चांगलं लक्षण नाही," एवढंच म्हणत. हेडक्लार्क रोज रात्री ठरवायचा, उद्यापासून बंद. आणि रोज सकाळी एखादं नवं फूल उमललेलं दिसायचं.

मग तो शुक्रवार उजाडला. सहाच्या ठोक्याला बाथरूममधून किंकाळी आली. बायको धावली, हेडक्लार्क धावला. सासरे ब्रश हातात धरून उभे होते आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाबा, काय झालं?"

"किडा," सासरे म्हणाले.

ब्रशच्या केसांमधून मोहरीएवढा एक हिरवा किडा सावकाश चालत होता. टोमॅटोच्या पानांवर मावा पडतो, त्यातलाच तो एक. हेडक्लार्कने त्याला तत्काळ ओळखलं.

सासरे बाहेर येऊन खुर्चीत बसले, ते बसलेच. चाळीस वर्षं त्यांच्याकडे लोक गाल धरून यायचे आणि सांगायचे, डॉक्टर, दातात किडा आहे, रात्री वळवळतो. चाळीस वर्षं डॉक्टर त्यांना हसून सांगत आले होते, की बाबांनो, दातात खराखुरा किडा नसतो, ही अडाणी समजूत आहे.

"एक म्हातारी होती," ते शून्यात बघत म्हणाले. "शपथ घेऊन सांगत होती, वळवळतो म्हणून. मी तिला खोलीबाहेर काढली. ती खरं बोलत होती गं!"

"बाबा, अहो, असं कसं होईल? किडा बाहेरून आला असेल."

"मखमलीच्या पिशवीत? ते काही नाही. आतूनच आलाय. आधी वास, मग चव, आता हा. सहा पाय आहेत त्याला, मी भिंगातून मोजले."

साथ पसरली आहे का, हे बघायला त्यांनी सगळ्यांना आ करायला लावला. मुलीचं तोंड टॉर्च लावून तपासलं, स्वच्छ निघालं. मग जावयाचं तपासलं. बराच वेळ आत बघत राहून त्यांनी टॉर्च विझवला. "इथे काळजी नाही," ते म्हणाले. "इथे किडासुद्धा टिकणार नाही."

त्यांनी आपल्या जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. उद्या सकाळी दहा वाजता. सगळे काढायचे, बत्तीसच्या बत्तीस. विद्यार्थी फोनवर काहीतरी म्हणत होता, पण सासऱ्यांनी त्याला दटावलं, "तुला दात काढायला मी शिकवलं की तू मला?" आणि फोन ठेवून दिला. दिवसभर ते जेवले नाहीत. संध्याकाळी बायको स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडत होती. "काल हाताला धरून चालवत होते मला, असं वाटतंय," ती म्हणाली. "आणि आज कसे बसलेत बघा."

हेडक्लार्क त्या रात्री झोपला नाही. एका बाजूला बत्तीस दात, दुसऱ्या बाजूला तेवीस टोमॅटो. (तेवीस झाले होते.) खरं सांगितलं तर कुंड्या जातील, अब्रू जाईल, आणि सासरे दात काढणार ते बहुधा जावयाचे. पण बायकोचं ते रडणं काही केल्या कानातून जाईना.

सकाळी साडेनऊला गाडी खाली आली. सासरे कोट घालून दारात उभे राहिले. शेवटचं म्हणून त्यांनी आरशात बघून दात घासले होते, आणि ते बघून हेडक्लार्कचा बांध फुटला.

"बाबा, थांबा! किडा तुमचा नाही. माझा आहे!"

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्या टोमॅटोचा. मी रोज सकाळी तुमच्या ब्रशने फुलांना... म्हणजे फुलं घासतो. घासत नाही, हलवतो. भुंग्यासारखा."

मग बायकोच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं. तिने चक्क नवऱ्याचा हात हातात घेतला.

"अहो, बाबांना बरं वाटावं म्हणून किती खोटं बोलाल?"

"खोटं नाही गं!"

"जावईबापू," सासरे गहिवरले, "मन मोठं आहे तुमचं. पण फुलं घासतो? निदान पटेल असं तरी काही सांगायचं."

हेडक्लार्कवर आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलायची वेळ आली होती आणि कुणी ऐकायला तयार नव्हतं. तो "बघा, बघा तरी," करत दोघांना बाल्कनीत ओढू लागला. तेवढ्यात समोरच्या बाल्कनीतून खणखणीत आवाज आला. समोरच्या काकू कपडे वाळत घालत होत्या.

"ओ वहिनी! खरं बोलतायत ते! तीन आठवडे मी रोज बघतेय. सव्वासहाला येतात, ब्रश सुरू करतात, एकेका फुलाशी बोलतात आणि शेवटी ब्रश लेंग्याला पुसून आत नेतात!"

"लेंग्याला?" सासरे म्हणाले.

"तुम्हाला आधी सांगणार होते मी," काकू पुढे म्हणाल्या. "पण म्हटलं, घरात आधीच दुःख असेल, आपण कशाला विषय काढा!"

सासऱ्यांनी भिंतीचा आधार घेतला. "तीन आठवडे," ते पुटपुटले, "म्हणजे मी तो ब्रश... तोंडात..." आणि मग ते तरातरा बेसिनकडे गेले. पंधरा मिनिटं चुळा भरण्याचा आवाज येत होता.

सासरे परत आले ते टॉर्च घेऊन. सरळ बाल्कनीत गेले आणि एका झाडापुढे वाकले. पानं बाजूला सारून त्यांनी आत उजेड टाकला. हिरवे गोळे चमकले, त्यातले काही तर लिंबाएवढे व्हायला आले होते. सासऱ्यांनी एकेक तपासला, मागून-पुढून. चेहऱ्यावर हळूहळू रंग परतला.

"ब्रश द्या इकडे," ते म्हणाले. हेडक्लार्कने दिला. "जावईबापू, तुमची पकड साफ चुकली आहे. पेनसारखा धरायचा. आणि मनगट सैल. हे बघा." घुर्रर्र झालं, आणि हेडक्लार्कच्या तीन आठवड्यांत जितकी धूळ पडली नव्हती तितकी एका फुलातून झरली.

बायकोने टोमॅटो मोजले. मग तिने निकाल दिला. "ठरल्याप्रमाणे कुंड्या राहतील."

हेडक्लार्कची छाती फुगली.

"पण बाबांकडे," ती म्हणाली.

सासऱ्यांचा मुक्काम महिन्याचा चार महिन्यांवर गेला. गाडी परत पाठवली, दात जागेवर राहिले, नवा ब्रश आला आणि जुना टोमॅटोच्या नावे झाला. बाल्कनीत शिस्त आली. प्रत्येक झाडाला नंबर मिळाला, तपासणीची वेळ ठरली. टोमॅटो असे लालबुंद झाले, की एका रविवारी पोस्टातल्या बाया खास बघायला आल्या. सासऱ्यांनी त्यांना चौदाही झाडं सविस्तर समजावून सांगितली. हेडक्लार्क दारापाशी हसतमुखाने उभा होता. कुणीतरी आपलंही नाव घेईल, अशी त्याला उगाचच आशा होती.

शेवटी एका बाईचं लक्ष गेलं. "आणि यांचंही यात काही आहे का हो?" तिने कौतुकाने विचारलं.

"आहे ना," बायको म्हणाली. "हे ब्रश धुतात. मग बाबा तो पुन्हा धुतात."