वांग्याच्या बियाण्यास सरकारी मोहर लागल्याची हकीकत

श्री शाकंभरी प्रसन्न. शके सोळाशे अडुसष्ट, क्षयनाम संवत्सरे, वैशाख वद्य पंचमीचे दिवशी राज्यात वांग्यावरून जो वाद उद्भवला, तो कैसा वाढला, कोणी वाढविला आणि मिटला तेव्हा काय उरले, हे वर्तमान साद्यंत लिहिले असे. वाचणाऱ्याने डोके शांत ठेवावे. लिहिणाऱ्याचे राहिले नाही.

माळीवाड्यात कोंडाबाई माळीण राहत होती आणि तिजपाशी काटेरी वांग्याचे बी होते, ते आजेसासूने सासूस दिले, सासूने तीस दिले, आणि ती दरसाल पहिले उत्तम फळ झाडावरच पिकू देई, आणि बी काढून राखेत घोळून वाळक्या पोकळ भोपळ्यात भरी, आणि भोपळा चुलीवर धुरात टांगी. मग परमुलखातल्या एका व्यापारी कोठीचा गुमास्ता दरबारी आला आणि बोलता जाहला की, आमच्या पंडितांनी वांग्याच्या पोटी ऐसा गुण घातला आहे की अळी शिवत नाही. अट एवढीच, बी दरसाल कोठीतूनच न्यावे, घरी धरू नये. झाले! दरबारात दोन तट पडले. एक म्हणे, हे वांगे न पेराल तर राज्य उपाशी मरेल. दुसरा म्हणे, हे खाल तर नातू जांभळे निपजतील. अटीकडे मात्र कोणी ढुंकून पाहिले नाही. कोंडाबाई तेवढेच विचारीत होती, "अळीचं ऱ्हाऊ द्या सरकार, बी कुणाच्या घरात ऱ्हानार त्ये सांगा." तीस कोणी दाद दिली नाही.

मग दिवाण अंताजीपंत, मोठे न्यायी पुरुष, यांनी हुकूम केला की निकाल होईतो दोन्ही बियाणी पुराव्यादाखल सरकारजमा करावी. कोठीवाले म्हणाले, आमचे बी गुप्त, दाखविता येत नाही. पंतांस ते पटले. माळ्यांचे बी गुप्त नव्हते, सबब घरोघरचे भोपळे उतरविले, आणि राख ही पुराव्यातली भेसळ ठरवून कारकुनांनी बी स्वच्छ धुतले, आणि ओलेच तांब्याच्या घागरींत भरून लाखेची मोहर केली, आणि तळघराच्या दाराशी दोन भालदार उभे केले. कोंडाबाईने कपाळ बडवून घेतले. "पंत, बी म्हंजी दागिना न्हाई डब्यात घालून ठिवाया. जितं हाय त्ये. पेरलं न्हाई तर मरंल!" पंत सौम्यपणे वदले, "बाई, प्रकरण चौकशीत आहे. पुरावा पेरता येत नाही."

चौकशी तीन पावसाळे चालली. शास्त्री नेमले, मग शास्त्र्यांवर शास्त्री नेमले, आणि त्यांच्या पंगतीत वांगे वाढावे की न वाढावे यातच एक पावसाळा गेला. तोवर मळे ओस कसे ठेवावे, म्हणोन माळी कोठीचे बी नेऊ लागले. कोंडाबाईने तिन्ही साली घेवडा लाविला आणि दर ज्येष्ठात तळघरापाशी जाऊन "येक मूठ तरी द्या रं बाबांनो" ऐसे विनवून हात हलवीत परत आली.

शके सोळाशे एकाहत्तर, शुक्लनाम संवत्सरी निकाल लागला आणि उत्तम लागला, खोटे का लिहावे: घरचे बी पेरणे त्याने घरचे पेरावे, कोठीचे पेरणे त्याने कोठीच्या अटीवर पेरावे, सक्ती कोणावर नाही. घागरी वाजतगाजत माळीवाड्यात आल्या. कोंडाबाईने शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात बांधिले आणि चुलीच्या उबेस ठेविले. आठ दिवस पाहिले, पंधरा दिवस पाहिले, मग फडके सोडिले तो कुजका वास आला. मोड एकासही नव्हता. सगळ्या घागरींची तीच गत. ती दरबारी गेली तेव्हा पंत तिच्या सत्कारास शाल घेऊन उभेच होते. "समदं मेलं वो, सरकार," ती म्हणाली. पंतांनी काळजीने पुशिले, "घरातले कोण?"

दुसरे दिवशी ती कोठीच्या रांगेत उभी राहिली, आणि बी घरी न धरण्याच्या कागदावर गुमास्त्याने अंगठा मागितला, तो तिने दिला.

येणेप्रमाणे वाद न्यायाने मिटला. राज्यात ज्याचे त्यास बियाणे निवडण्याची पूर्ण मोकळीक आहे, आणि बियाणे एकच आहे. लेखनसीमा.