हवेची आंघोळ

औरादच्या सरकारी दवाखान्यात शिरणाऱ्या प्रत्येकाला शिवलिंगअप्पा उंबऱ्यावर अडवत. "वास येतोय का?" पोट धरून वाकलेल्यालाही सुटका नव्हती. "येतोय" म्हणा, मगच आत.

अप्पा तिथले ड्रेसर, जखमा बांधणारे. "जखम आपण धुतो, हवेला आंघोळ कोण घालणार?" हा त्यांचा लाडका सवाल. रोज सकाळी पाण्यात रोशा गवताचं तेल टाकून त्यात जुन्या कापडाचे धडपे भिजवायचे आणि वार्डाच्या खिडक्यांना टांगायचे. त्या वासानं हवेतली घाण मरते, जखम चिघळत नाही, असं त्यांचं ठाम मत. डॉक्टरसाहेबांच्या मते हा सगळा नुसता खुळेपणा.

निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शननंतरचे दिवस. मी कचेरीतला नवा कारकून. उसन्या सायकलवर हात सोडून रुबाब दाखवताना बाभळीला भिडलो आणि दारालगतच्या खाटेवर, पाय टांगून पडलो. वर सर्दी.

एका सकाळी धडपे टांगून अप्पांनी मलाच विचारलं. नाक ठार बंद! पण 'कळत नाही' म्हणणं कारकुनाला शोभतं का?

"घमघमायलाय, अप्पा!"

"आरं मुडद्या, राकेल हाय ते!" पलीकडच्या खाटेवरची म्हातारी किंचाळली. बाटल्या सारख्याच, अदलाबदल झाली होती. नेमके तेव्हाच डॉक्टरसाहेब पेटती सिगारेट घेऊन दारात! लंगडेसुद्धा पळाले. छताला टांगलेला मी तेवढा उरलो.

सिगारेट विझवून साहेब गरजले, "ये दवाखाना है की राकेल की दुकान? कल से तेल बंद!"

अप्पा धडपे उतरवू लागले. माझी जीभ वळवळलीच. "व्हय अप्पा, तुमच्या नाकाला कळालं न्हाई?"

"ते लहानपणीच तापात गेलं." अप्पा धडप्याची घडी घालत राहिले. "आमची घरवाली शरणव्वा ह्याच वार्डात होती. जखम चिघळलेली. उशाला धडपा टांगायचो, वास आला का ते ती हुंगून सांगायची. ती गेली. आता दारात विचारायलोय."

मी साहेबांना हाक मारली. "साहेब, अप्पांचं काही नाही. नाक माझं चुकलं."

साहेब हसले. तेल चालू राहिलं, पण एका अटीवर: बाटली आधी मी हुंगायची.

पाय सुटला, हे काम सुटलं नाही. कचेरीत जाता जाता रोज दारात नाक खुपसायचो. एकदा विचारलं, "शरणव्वा काय सांगायच्या?"

"शेतातून घरी आल्यावानी वाटतंय, म्हणायची."

दुसऱ्या दिवशी अप्पांनी अडवायच्या आतच मी म्हणालो, "अप्पा, आज शेतातून घरी आल्यावानी वाटायलंय."

अप्पा पाठमोरे झाले आणि हातातला कोरडा धडपा पिळत बसले.