मोरी बघून भाडेकरू ठेवणारा नाना

भाडेकरू येऊन जागा बघतो, ही जगाची रीत. आमचा पुंजा नाना उलटा. कोणी जागा विचारायला आला की नाना त्याचा पत्ता विचारून घ्यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेली टोपी घालायचा, सायकलच्या हॅण्डलला दोन किलो वांग्यांची पिशवी अडकवायचा आणि त्या माणसाच्या राहत्या घरी जाऊन धडकायचा. चहा झाला की म्हणायचा, "जरा मोरी दाखवा."

"माणूस बैठकीत कळत नाय, मोरीत कळतो," हे त्याचं ठरलेलं बोलणं. मोरीत शेवाळ दिसलं, नळ टपकताना दिसला, कालचं पाणी शिळं म्हणून ओतताना बाई दिसली, की संपलं. माणसं पसंत पडली तर वांगी तिथंच ठेवायची, नाहीतर परत आणायची. नाना घरी आला की आम्ही त्याच्या तोंडाकडे नाही, हॅण्डलकडे बघायचो.

मखमलाबाद रोडला आमचे दोघांचे मळे बांधाला बांध लावून होते. नव्वद सालानंतर शहर त्या बांधापर्यंत आलं. झेंडू गेला, कोबी गेली. उरलेल्या तुकड्यावर दोघांनी घरं बांधली आणि माडीवर दोन-दोन खोल्या भाड्यासाठी काढल्या. मला वाटलं, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतली माणसं दारात रांग लावतील. पण आसपासच्या सगळ्या मळेवाल्यांना तीच अक्कल सुचलेली. त्यात समोर लिफ्टवाली बिल्डिंग उभी राहिली. भाडेकरू एक आणि मालक दहा, असा बाजार झाला.

मी तिसरीतून शाळा सोडलेली, पण पत्र्यावरची पाटी मीच रंगवली. 'जागा भाड्याने देणे' एवढ्यात पत्रा संपला, म्हणून 'आहे' खाली लिहिलं. पोरगा म्हणाला, "दादा, पेंटरकडून करून घेऊ." मी म्हणालो, "कोबीच्या ओळी सरळ लावणाऱ्याला अक्षरं लावता येत नाहीत का?" येत नाहीत. पण पाटी तीच राहिली.

माझा पहिला भाडेकरू मी पाच मिनिटांत ठरवला, कारण तो मला 'शेठ' म्हणाला. जन्मभर मला कोणी शेठ म्हटलं नव्हतं. त्याच्या हातात चावी देऊन वर मीच त्याला चहा पाजला. दोन महिन्यांनी तो गेला, जाताना बल्ब, नळाची तोटी आणि पंख्याचं बटण घेऊन गेला. नाना बटणाच्या जागी उरलेलं भिंतीतलं भोक बघत उभा राहिला.

"तू भाडेकरू कुठं बघितला, शंकर? तू आरसा बघितला."

नानाचंही सगळं सरळ नव्हतं. त्याच्या नादानं मी एकदा सिडकोत एका मास्तरांकडे गेलो होतो. नानानं मोरी म्हटल्याबरोबर मास्तरीणबाई कडाडल्या, "काका, आम्ही जागा शोधतोय, सोयरीक नाही!" आम्ही वांगी घेऊन परत. असे किती गेले. त्याच्या खोल्याही वर्षभर बंदच होत्या. वहिनी गेल्यापासून खाली तो एकटा, वर कुलूप.

मग उज्ज्वला सिस्टर भेटल्या. दवाखान्यात नोकरी, घरी फक्त म्हातारी आई. नानानं मोरी मागितली तर त्यांनी त्याच्या हातात खराटा दिला. म्हणाल्या, "आलाच आहात तर तेवढा कोपरा घासा. माझी ड्यूटीची वेळ झाली." नानानं टोपी खुंटीला लावली आणि कोपरा घासला. वांगी तिथंच राहिली. आठवड्याभरात दोघी माडीवर राहायला आल्या, आणि चार वर्षं राहिल्या.

माझ्या खोल्या मात्र ह्या वर्षी आठ महिने रिकाम्या. दोन्ही पोरं म्हणायला लागली, एजंटाला सांगू. मी सगळ्यांच्या देखत बोलून बसलो, "एजंटाशिवाय, दिवाळीच्या आत, लाख माणसांत एक असा भाडेकरू आणून दाखवतो. नाही जमलं तर घराचा कारभार तुमचा." बोललो आणि थोरल्या सुनेच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला, त्यानं माझी झोप गेली.

दसरा झाला. कोणी नाही. मग मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. उज्ज्वला सिस्टर कोपऱ्यावर दूध घ्यायला आल्या तेव्हा त्यांना गाठलं. नानाकडे मोरी-संडास खाली अंगणात. म्हातारीचे गुडघे गेलेले, हे मला ठाऊक होतं.

"बाई, आमच्याकडं सगळं वरच हाय. गीझरसुद्धा हाय."

गीझर नव्हता. तो मी त्याच दुपारी जाऊन आणला.

तिसऱ्या दिवशी त्या हो म्हणाल्या. मी नानाच्या दारावरून मुद्दाम दोनदा गेलो, दोनदा खाकरलो. नाना वाटाणे सोलत होता. त्यानं मान वर केली नाही. मला वाटलं, जळतोय.

सामान आलं त्या दिवशी हातगाडी पुढून गाडीवाला ओढत होता आणि मागून नाना ढकलत होता. सिस्टर म्हणाल्या, "दादा, आई पायरीवरून घसरली तेव्हापासून नाना माझ्या मागं लागले होते, शंकरकडं जा म्हणून. माझाच पाय निघत नव्हता. तुम्ही विचारायला आलात, तेव्हा म्हणाले, आता जा. त्याला वाटू दे त्यानंच मिळवलं, नाहीतर दिवाळीला त्याचा कारभार जाईल."

माझा कारभार राहिला. पोरांना मी हे आजतागायत सांगितलेलं नाही.

संध्याकाळी नाना आला. मी भांडणाची तयारी करून ठेवली होती, ती कुठं ठेवावी कळेना. तो ओट्यावर टेकला.

"म्हातारीला दमा हाय. खाली मिरचीची फोडणी द्यायची असली की आधी हाक मार, खिडकी लावून घेते. सिस्टर रातपाळीवरून आली की दुपारपर्यंत झोपते, तवा तू खाकरत जाऊ नको. तुझं खाकरणं लय लांब जातं."

"बरं."

"चतुर्थीला म्हातारीचा उपास असतो. विचारलं तर जेवले म्हणंल. जेवलेली नसती."

मी चहा सांगितला. म्हटलं, "नाना, तुझ्या खोल्यांचं काय? पाटी लावू का? मी रंगवतो."

"तू नको रंगवू." मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवत म्हणाला, "पाटीच नको. आता नवीन माणसाचं सगळं पाठ करायला मला कुठं वर्षं उरली?"

तेवढ्यात माडीवर काहीतरी पडलं, मोठ्यानं. मी दचकून उठलो.

"बस रे," नाना वर न बघता म्हणाला. "तांब्या हाय. म्हातारीच्या हातून संध्याकाळी एकदा पडतोच. आता ती स्वतःशीच बोलंल."

आम्ही कान दिला. वरून बारीक आवाजात म्हातारीचं पुटपुटणं ऐकू आलं. नाना हसला. चहा संपला तरी तो उठला नाही, आणि मीही त्याला आज काम नाही का, असं विचारलं नाही.