सहावे पेर

खेमसिंग नायकांना 'रॅट' म्हणजे काय असे विचारले, की त्यांचा उजवा अंगठा आधी करंगळीच्या बुडाशी जाई. तिथून तो एकेक पेर चढे आणि सोबत ओठ हलत. बॅट म्हणजे वटवाघूळ, कॅट म्हणजे मांजर, फॅट म्हणजे लठ्ठ. करंगळी संपली की शेजारचे बोट. हॅट म्हणजे टोपी, मॅट म्हणजे चटई. त्या बोटाच्या शेंड्यावर, सहाव्या पेराला, उंदीर सापडे. अंगठा थेट तिथेच नेऊन ठेवला, तर मात्र तिथे काहीच नसे.

ही पद्धत धनसिंग मास्तरची. तो नायकांचा पुतण्या आणि फुलसावंगीच्या पलीकडे नायकांनी काढलेल्या हायस्कुलातला इंग्रजीचा मास्तर. यमक जुळणारे शब्द ओळीने लावायचे, अर्थासकट ताल धरून म्हणायचे, एकाने सुरू केले की सगळ्यांनी सामील व्हायचे. आणि मध्ये कोणी अडवले तर पुन्हा पहिल्यापासून. हा शेवटचा नियम छडीने शिकवलेला असल्यामुळे सर्वांत पक्का होता. संध्याकाळी मोठी माणसेही मागच्या बाकांवर येऊन बसत. जी भाषा इतकी जुळते ती आपल्याला आलीच, असे गावाचे मत होते.

मॅट्रिकच्या परीक्षेचे मत वेगळे पडले. गेल्या साली सगळा वर्ग इंग्रजीत नापास झाला. पोरांनी प्रत्येक शब्दासाठी त्याची ओळ सुरुवातीपासून लिहून काढली, आणि पहिल्या प्रश्नातच वेळ संपला.

यंदा त्या वर्गात नायकांची मुलगी नलू होती. तिला नागपूरला नर्सिंगला जायचे होते, आणि मॅट्रिक झाल्याशिवाय तिथे दारात उभे करत नव्हते. विज्ञान शिकवणाऱ्या इंदूबाई दिवाळीपासून नायकांना सांगत होत्या, मॅट्रिकचे इंग्रजी माझ्याकडे द्या.

"पाहू," नायक म्हणत.

"पाहता पाहता संक्रांत आली, नायक."

"तुमचं बरोबर आहे, बाई. पण घरचा पोरगा आहे. भाऊ काय म्हणन मले?"

"बापू, मी नापास झाली तर?" नलू विचारी.

"तर पाहू."

अशात शाळेच्या कायम मान्यतेसाठी खात्याचे साहेब येणार असे कळले. साहेब मद्रासकडचे, मराठीचा एक शब्द न कळणारे. मान्यतेच्या अटींत संडास होता. त्याचा खड्डा शाळेसमोर खणून झाला होता, विटा मात्र आल्या नव्हत्या. धनसिंगने खड्ड्यावर बांबूचा तट्टा टाकला, तट्ट्यावर माती, मातीवर सडा, आणि सड्यावर मोठी रांगोळी काढवून घेतली.

"अन् साहेबानं संडास कुठी आहे म्हटलं तर?" नायकांनी विचारले.

"ते मी पाहतो, काका. तुम्ही फक्त साहेबापुढे मराठी बोलू नका. इज्जतीचा सवाल आहे. जे बोलसान ते इंग्रजीत."

साहेब आले. ड्रायव्हरला उमरखेडात ताप भरल्यामुळे जीप त्यांनी स्वतःच चालवत आणली होती. त्यांनी वर्गात एका मुलीला 'रॅट'चा अर्थ विचारला. सगळा वर्ग वटवाघळापासून निघून तालात उंदरापर्यंत पोचला. साहेबांची पेन्सिल टेबलावर ठेका धरत होती. उंदीर आल्यावर ती थांबली, आणि साहेब "गुड" म्हणाले. मग चहा झाला, हार झाले, आणि साहेब जीपमध्ये बसून ती मागे घेऊ लागले. मागे रांगोळी होती.

हे आधी नायकांच्या लक्षात आले. 'स्टॉप' हा शब्द त्यांना धनसिंग शाळेत जाण्याआधीपासून येत होता. दिग्रसहून येताना तो त्यांनी कंडक्टरला कितीदा ओरडून सांगितला होता. पण धनसिंगने त्याला ओळीत सहाव्या जागी बसवले, आणि तेव्हापासून तो तिथेच राहायला गेला होता. नायकांचा अंगठा करंगळीच्या बुडाशी गेला.

"क्रॉप म्हणजे पीक," नायक जिवाच्या आकांताने ओरडले.

ओळ सुरू झाली म्हटल्यावर अख्खी शाळा सामील झाली. "ड्रॉप म्हणजे थेंब, हॉप म्हणजे उडी..." साहेबांना वाटले, निरोपाचे गाणे आहे. त्यांनी एक हात बाहेर काढून हलवला आणि जीप मागे घेत राहिले.

"स्टॉप, स्टॉप," करत इंदूबाई व्हरांड्यातून धावत आल्या.

धनसिंगने छडी वर केली. "मधात बोलू नका, बाई. पोरं चुकतीन."

पण अडवणे तर होऊन गेले होते. सगळ्या शाळेने पुन्हा सुरुवात केली, "क्रॉप म्हणजे पीक."

"मॉप म्हणजे पोतेरे" आले तेव्हा मागची चाके रांगोळीवर होती. "शॉप म्हणजे दुकान" आले तेव्हा ती रांगोळीच्या खाली गेली. "स्टॉप म्हणजे थांबणे," असे शाळेने सांगितले त्या वेळी जीप थांबलेलीच होती. ओळ अर्धी सोडायची नसल्यामुळे "टॉप म्हणजे शेंडा" हेही म्हणून झाले. जीपचे तोंड आभाळाकडे होते.

साहेबांना लागले नव्हते. ते खाली उतरले, खड्ड्यात वाकून पाहू लागले आणि हे काय म्हणून त्यांनी विचारले. "लॅट्रिन, सर," धनसिंग म्हणाला. साहेबांनी पुन्हा वाकून पाहिले आणि खोली समाधानकारक असल्याचे टिपून घेतले. मग मुलांच्या सामुदायिक उच्चारांचे कौतुक केले, आणि ही पद्धत आसपासच्या शाळांनीही उचलावी असा शेरा देतो म्हणाले. धनसिंगने हे भाषांतर करून सगळ्यांना दोनदा ऐकवले. इंदूबाईंनी नलूकडे पाहिले. नलू खड्ड्याकडे पाहत होती.

जीप ओढायला नायकांनी घरची बैलजोडी आणली. दोर बांधला, बैलांनी जोर केला आणि जीप वर आली. पण वर आल्यावर बैल तसेच पुढे निघाले. पुढे साहेब पाठमोरे उभे राहून चष्मा पुसत होते.

"होऽ," नायक म्हणाले.

बैल जागच्या जागी थांबले. नायक त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांच्या आजाने बैलांच्या पाठीवर गावोगाव मीठ नेले होते, आणि तोही एवढेच म्हणत असे.

"शेरा भेटला, काका," धनसिंग म्हणाला. "आता संध्याकाळच्या वर्गाले नवी ओळ घेतो."

"धन्या, मी बैलाले आत्ता काय म्हटलं?"

"हो म्हटलं."

"त्याच्या आधी? पीक, थेंब, उडी, असं काही म्हटलं?"

"नाही. पण काका, तो बैल आहे."

"म्हणून साहेब वाचला."

नायकांनी दोर सोडून गुंडाळला. मग ते साहेबांसमोर, सगळ्या शाळेसमोर, मोठ्या आवाजात आणि मराठीत म्हणाले, "उद्यापासून मॅट्रिकचं इंग्रजी इंदूबाई शिकवतीन."