दुपट्ट्याखालचा इलाज

मी सांगतो, बोटं दाबून दुखणं जाते म्हणणाऱ्याले आधी दोन फटके द्यावे! आणे जाऊन नवे पैसे आले, दवाखान्यात सुई आली, अन् आमच्या गावचा उकंडा अजून लोकायचे हातपाय दाबत बसते. डोकं दुखलं, दाब अंगठा. पोट दुखलं, दाब तळपाय. "अबे, अक्कल नसंन तं काय दाबतं?" असं मी त्याले भर पारावर इचारलं होतं. लोकं पोट धरून हसले.

तर दारव्ह्याच्या बैलबाजारात मी आमचा चांद्या बैल घेऊन गेलतो. विकाले नाही! त्याच्या उंचीची जोड पाहाले. चांद्या बायकोच्या माहेरचा. निंघताना इंदूनं बजावलं, "जोड नाही भेटली तं राहू द्या. पण माहा चांद्या वापस आला पाह्यजे. नाही तं तुमीबी येऊ नका!"

बाजारात पोचलो अन् दाढ अशी ठणकाले लागली का डोयात पाणी! गाल फुगून गुलगुला झाला. अन् सोबत कोण? उकंडाच!

"दाबू का बे, देवराव?"

"दाब," मी कण्हत म्हणालो, "पण वरून खांद्यावरचा दुपट्टा टाक. कोणी पाह्यलं तं तोंड दाखवाची सोय नाही!"

आता बैलबाजारात दुपट्ट्याखाली हात घालाचा अर्थ लेकरूबी जाणते. तेथी भाव तोंडानं नाही, बोटं दाबून ठरते. पण दाढ दुखते तेव्हा डोकं चालते कोणाचं?

चांद्याजवळ बसलो, डोये मिटले. उकंडानं अंगठ्याजवळ दाबलं. मंग म्हणे, "तंबाखू थुकून येतो. हात तसाच ठेव." ठेवला! इतक्यात दुपट्ट्याखाली हात आला अन् चार बोटं कचकन दाबली. मले वाटलं, आला उकंडा.

"हाव! अस्सं! जमलं!" मी वरडलो.

हातात काहीतरी थंडगार पडलं. औषध असंन म्हणून मूठ आवळली.

डोये उघडतो तं मुठीत बंदा रुपया, अन् चांद्याचा कासरा रामराव दलालाच्या हातात!

"ओ रामराव! बैल कुठी नेता?"

"बोटं धरून 'जमलं' म्हणाले, इसार घेतला. सौदा झाला!"

"सौदा कायचा? मी दाढेचा इलाज करून राह्यलो होतो!"

"बोटात दाढ हाय का याले?" कोणीतरी मागून म्हणालं. सारा बाजार खिदळला.

"बोटं दाबून कुठी दाढ बरी होते?" रामराव म्हणे. "असं येडपट कोण मानंन?"

मीच नसतं मानलं, बाप्पा! पण डोयापुढं इंदू दिसली. उठलो अन् घसा फोडून बोलाले लागलो, "काहून नाही होत? आजापंजाची इद्या हाय! नस दाबली का रगत मोकळं होते, दुखणं पयते, झोप लागते! डॉक्टर काय करंन याच्यापुढं?"

थुकून वापस आलेला उकंडा तोंड वासून ऐकत होता.

"मंग तुमची दाढ बरी झाली?" रामरावनं इचारलं.

"एकदम बरी!"

रामरावनं खिशातून मूठभर फुटाणे काढले. "त्याच बाजूनं चावून दाखवा. अन् बैल घेऊन जा."

चावले! एकेक फुटाणा मस्तकात फुटत होता. तरी मी म्हणालो, "वा! खमंग हायत!" अन् त्याचा रुपया वापस करून कासरा ओढला.

चांद्या घरी आला, इंदू खूश. पण आता उकंडाच्या ओसरीवर रोज गर्दी असते, अन् साक्षीले मी! मले दाढ उपटाले दवाखान्यात जाताच येत नाही. कोणी भेटलं का इचारते, "दाढ कशी हाय, देवरावभाऊ?"

"फस्ट किलास!" मी म्हणतो, अन् हसतो. एकाच गालानं.