फरक सरांची गाय

टँकरची नळी सुटून पाणी मातीत चाललं होतं, बाया हंडे घेऊन ओरडत होत्या, आणि आमचे फरक सर ड्रायव्हरची खिडकी धरून त्याला विचारत होते, "तू ‘इन टाइम’ आलास की ‘ऑन टाइम’?"

"आलो की सर! नळी बघू द्या आधी."

"आलास, पण कसा आलास? ठरल्या वेळेला आला तो ‘ऑन टाइम’. लोक तहानेनं मरायच्या आत पोचला, तो ‘इन टाइम’. फरक हाय बाबा, फरक हाय!"

हा फरक कळेपर्यंत अर्धा टँकर रिकामा झाला.

सरांनी वडवणीला हयातभर इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाले, पण मास्तरकी काही सुटली नाही. इंग्रजीत एका अर्थाचे दोन शब्द नसतातच, हा त्यांचा सिद्धांत. एकसारखे दिसणारे दोन शब्द सापडले की त्यांना वेगळं केल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे, आणि ते आमच्याही उतरू देत नसत.

मी गावच्या सोसायटीचा सचिव. त्या दुष्काळात सोसायटीनं माळावर चारा छावणी चालवायला घेतली होती. चारा कमी, जनावरं जास्त, आणि तक्रारी दोन्हींपेक्षा जास्त. त्यात सर रोज हजर. घरी साधी शेळी नाही, पण इस्त्रीचा सदरा घालून सकाळीच छावणीत.

एकदा चेअरमन आभाळाकडं बघत म्हणाले, "औंदा तरी पावसाची होप हाय."

झालं! "होप की एक्स्पेक्ट?" सर पुढं सरसावले. "आपल्या हातात न्हाई, त्याची ‘होप’ करायची. ज्याला काही आधार हाय, ते ‘एक्स्पेक्ट’ करायचं. पाऊस होप करा, टँकर एक्स्पेक्ट करा."

"आन् तुमी घडीभर गप बसावं, हे काय करायचं?"

"त्याला ‘विश’ म्हनतात," सर शांतपणे म्हणाले. "जे व्हनारच न्हाई, त्याला."

अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? जनावरांचे डॉक्टर तर त्यांना बघून मागच्या वाटेनं यायला लागले. ‘सिक’ गाय आणि ‘इल’ गाय यांतला फरक ऐकता ऐकता एक गाय आपोआप बरी झाली होती.

छावणीच्या कडेला सरूबाईची एक भाकड गाय होती. मुलगा आणि सून दिवाळी झाल्यावर ऊसतोडीला गेलेली. म्हातारी एकटीच गायीजवळ तीन दगडांची चूल मांडून राहायची. सर दुपारी तिच्या चुलीपाशी बसलेले दिसत. तिचं तोंड अखंड चालू असायचं, त्यामुळं सरांना फरक सांगायला फट मिळत नसे. मला तेवढीच विश्रांती.

एके दिवशी तहसीलचं पथक तपासणीला आलं. नियम असा, की जनावर ज्याच्या नावावर, तो माणूस छावणीत हजर हवा. सरूबाईची गाय मुलाच्या नावावर लिहिलेली, आणि मुलगा पार कर्नाटकात.

"मालक न्हाई, तर चारा न्हाई," साहेब म्हणाले. "गाय घरी न्या."

"घरी काय माती खाऊ घालू का?" सरूबाई गायीच्या गळ्यात हात टाकून रडायला लागली. "बाजारात न्हेली तर कसाईच घील तिला. लेकरावानी वाढिवली हो, सायेब."

मी काही बोलणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"गाय माझी हाय."

फरक सर! ‘इन’ आणि ‘ऑन’साठी अर्धा टँकर मातीत घालवणारा हा माणूस दिवसाढवळ्या खोटं बोलत होता. "बटईनं दिलीय हिच्याकडं. गाय माझी, सांभाळणार ही, वासरात दोघांचा वाटा."

बटईची रीत साहेबांना माहीत होती. "मग नाव दुसऱ्याचं कसं?"

सरांनी माझ्याकडं बोट केलं. "लिहिणाऱ्याची चूक. हे असंच करतात."

मी दातओठ खात चूक कबूल केली. गाय वाचली.

पण आता मालक म्हटल्यावर रोज हजर राहणं आलं, चारा उतरवून घेणं आलं. सरांच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर उसाच्या वाढ्यांचा भारा चढला. शेणाच्या पाट्या उचलता उचलता धोतराचा रंग बदलला. वर सरूबाईच्या तोंडाचा पट्टा सुरूच. "अवं मास्तर, डोक्याला फडकं न्हाई, उनात मरता काय? काल बी उपाशीच आलता. लाज कशी वाटत न्हाई तुमाला?"

मला वाईट वाटलं. एका दुपारी त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, "सर, पथक गेलं. आता तुम्ही घरी बसा. हजेरीचं मी सांभाळून घेतो. ह्या वयात तिची बोलणी कशाला खाता?"

सरांनी हातावरचा कचरा झाडला.

"न्हाई, मी येत जाईन," ते म्हणाले. "आमची ही गेली तवापासून गावात सगळे मला विचारतात, ‘सर, जेवलात का?’ मी ‘न्हाई’ म्हनतो. ते ‘बरं’ म्हनून पुढं जातात." त्यांनी सरूबाईच्या चुलीकडं पाहिलं. "ही थांबती."

 

तेवढ्यात चुलीपाशी तवा आपटला. "मास्तर! भाकर निवाय लागली. येता, का मी यिऊ तिकडं?"

"आलो, आलो!" म्हणत सर जवळजवळ पळतच गेले.