अप्पांची पुटकुळी

साठीला टेकलेला माणूस तोंडावर पुटकुळी यावी म्हणून रोज संध्याकाळी भजी खातो, असं तुम्ही कधी ऐकलंय का? मीही ऐकलं नव्हतं. पण आमच्या भिंतीला भिंत लावून वीरभद्रअप्पा राहतात, त्यामुळे ऐकायचं राहिलंय असं आता माझ्या आयुष्यात फारसं काही उरलेलं नाही.

अप्पा मूळचे उदगीरकडचे. लातुरात त्यांची लहानशी डाळमिल आहे. अंगानं थोराड, कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे आणि भुवयांवर बारा महिने तुरीचा भुसा. माणूस लाखात एक, पण डोक्यात सगळी डाळमिल. कुठल्याही गोष्टीला ते डाळीचंच माप लावतात. माझ्या नव्या जावयाला खालपासून वरपर्यंत न्याहाळून मला म्हणाले, "माल चांगला हाय बाई, जरा ऊन दाखवायला पायजे." मी शाळेत शिकवते म्हणून सगळी गल्ली मला बाई म्हणते, तेव्हा त्यात काही नाही. पण जावईबापू तेव्हापासून ओट्यावर बसत नाहीत.

अप्पांचा एक नेम आहे. मिलमध्ये नवा माल निघाला की पोत्याचं तोंड शिवण्याआधी त्यातली मूठभर डाळ ते घरी आणतात, नुसतं मीठ घालून शिजवायला लावतात आणि एकटे खातात. "आधी मी खाऊन बघतो, मग शिवा पोतं." त्यांच्या मंडळी महादेवीकाकू कपाळाला हात लावतात. "घरात मी वांग्याचं भरीत केलंय, अन् हा माणूस मिठाचं वरण पिऊन राहिलाय!" काकूंचं माहेर बिदरचं. राग फार झाला की त्या कानडीत शिरतात, आणि मग अप्पा मुकाट्यानं मिलमध्ये जातात.

तर गेल्या उन्हाळ्यात एके दिवशी सकाळी मी झाडांना पाणी घालत होते आणि शेजारून घूंऽऽ असा आवाज आला. मला वाटलं, काकूंनी नवा मिक्सर घेतला. डोकावून बघते तर अप्पा ओट्यावर पाट टाकून बसलेत, पुढं आरसा, अंगावर नुसता गंजीफ्रॉक, आणि हातातला गुलाबी रंगाचा गोल ब्रश आपोआप गरगर फिरतोय. ते तो गालावर दाबून धरून होते. मुलींच्या तोंड धुवायच्या मशिनी मिळतात ना, त्यातली ती.

"अप्पा, हे काय?"

"पॉलिश करून राहिलो बाई."

पॉलिश म्हणजे काय ते मला पुढच्या काही दिवसांत कळलं. तुरीला आधी तेल पाजतात, मग ऊन देतात, मग सोलतात, मग झळाळी आणतात. अप्पांनी तोंडाला तेच सगळं केलं. पहिल्या दिवशी करडईचं तेल चोपडून मशीन लावली, तर तेलाचे शिंतोडे भिंतीवर, आरशावर आणि माझ्या दोरीवरच्या इस्त्रीच्या साडीवर. दुसऱ्या दिवशी उन्हात बसून केलं. रोज मशीन झाली की विभूती लावायची, आणि सोललेल्या कपाळावर ती लागली की "अय्यो शिवा!" अशी आरोळी गल्लीच्या टोकापर्यंत जायची.

गल्लीला तर आयतंच मिळालं. "अप्पा, घोड्यावर कधी बसून राहिले?" "काकू, जरा लक्ष ठेवा बरं का!" अप्पा कुणावर चिडले नाहीत. तोंड फेसानं भरलेलं असायचं, त्यातूनच हसायचे. मी मात्र साडीपायी चिडलेले होते, आणि म्हातारचळ हा शब्द माझ्या अगदी ओठांवर होता.

आता त्यांच्या शिवानीबद्दल सांगायला हवं. शिवानी ही अप्पांची एकुलती एक पोर. लग्नानंतर फार उशिरा झालेली, हुशार, आणि एके काळी इतकी बडबडी की भिंतीपलीकडून मला तिचे पाढे पाठ झाले होते. बारावीच्या वर्षात तिच्या तोंडावर पुटकुळ्या आल्या. साध्या नव्हेत, गाल, कपाळ, हनुवटी, सगळीकडे लालभडक आणि दुखऱ्या. डॉक्टरांनी मलम दिलं, गोळ्या दिल्या, गुण यायला वेळ लागेल म्हणून सांगितलं. पण लोकांना कुठला धीर? एका लग्नात कुणीतरी बाई भर पंगतीत म्हणाली, "पोरीला कांजिण्या झाल्या होत्या का ओ?" पोर ताटावरून उठली. त्या दिवसापासून तिनं स्कार्फ बांधला तो बांधलाच. स्कूटीवर सगळ्याच मुली बांधतात, पण ही घरातही बांधायची. जेवायला भिंतीकडं तोंड करून बसायची.

आणि नेमका तिला नांदेडला फार्मसीला प्रवेश मिळाला. हॉस्टेलमध्ये राहायचं, एका खोलीत चौघी. तिनं साफ सांगितलं, "मी न्हाई जाणार. चौघींत तोंड उघडं ठेवून मी न्हाई राहू शकत." काकू रडल्या, मी समजावलं, काही उपयोग झाला नाही. अप्पांनी फी भरून टाकली होती, आणि कॉलेज सुरू व्हायला तीनच आठवडे राहिले होते.

त्याच आठवड्यात अप्पा माझ्याकडं आले. गाल सोलून गाजरासारखे झालेले. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही शास्त्र शिकवता. पुटकुळी कशानं येते ओ?"

"कशाला पाहिजे?"

"मला आणायचीय एक."

मी त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मशीन शिवानीसाठीच मागवलेली होती. फोनवर जाहिरात बघितली, त्यातल्या पोरीचं तोंड लख्ख झालं. "पण जाहिरातीचं काय खरं धरता? पोरीच्या तोंडाला लावायची गोष्ट हाय. आधी मी लावून बघून राहिलो. पण बाई, मला पुटकुळीच न्हाई. मग कळावं कसं?"

माझा साडीचा राग कुठल्या कुठं गेला. या माणसाला मी काय काय म्हणायला निघाले होते!

"अप्पा, आमची आई म्हणायची तेलकटानं येते. जागरणानं येते. काळजीनं येते."

"तेलकट जमंल," अप्पा गंभीरपणे म्हणाले. "काळजी तर हायच."

आणि मग सुरू झाली ती भजी. चौकातल्या गाड्यावरून मिरचीची भजी, घरी शेंगदाणे, वर आंबे. अप्पांना आंबट ढेकर आले, पोट बिघडलं, पण तोंड स्वच्छच. रोज सकाळी आरशात बघून खिन्न व्हायचे. मी सांगून पाहिलं की या वयात येत नाही, सोडून द्या. ऐकतील तर अप्पा कसले!

एके दिवशी सकाळी भिंतीवरून आरोळी आली. "बाई! ओ बाई! आली!"

नाकाच्या शेंड्यावर, मुगाच्या दाण्याएवढी. तिची ऐट काय सांगू! पहिला नातू झाल्यासारखे अप्पा मला ती दाखवत होते. मी "अप्पा, थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी पुटकुळीवर मशीन दाबून धरली.

दुसऱ्या दिवशी त्यांचं नाक टोमॅटोएवढं झालं होतं. लाल, तुकतुकीत, एक डोळा अर्धा मिटलेला. काकू आधी घाबरल्या, मग कानडीत गेल्या, आणि शेवटी सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत येऊन ओरडल्या, "पोरीसाठी नाक फोडून घेतलं ओ या येड्यानं!"

शिवानी दारात आली. स्कार्फमधून नुसते डोळे दिसत होते. बराच वेळ नाकाकडं बघत राहिली.

"अप्पा, ती मशीन माझ्यासाठी होती?"

"हाव. पण बाद. माल खराब करते. तू आपलं डॉक्टरचं मलमच लाव."

ती आत निघून गेली. संध्याकाळी मात्र आईला म्हणाली, नांदेडचं नुसतं बघून येते, आवडलं नाही तर त्याच पावली परत. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं बापलेक निघाले, राहिलीच तर असू दे म्हणून काकूंनी भरलेली कपड्यांची बॅग घेऊन. काकूंनी दारातच अप्पांच्या तोंडाला उपरणं गुंडाळायला घेतलं. "लोक बघतील, नाक तरी झाका." अप्पांनी ते काढून टाकलं. "झाकायला मी काय चोरी केली का?"

रात्री ते एकटेच परतले, तेव्हा मी ओट्यावरच होते. अप्पांच्या तोंडाला शिवानीचा स्कार्फ बांधलेला! निळा, पांढऱ्या फुलांचा. तो खाली ओढून ते माझ्यासमोर मटकन बसले.

"बाई, अहमदपूरपर्यंत सगळी गाडी माझं नाक बघून राहिली होती. एकजण म्हणतो, गांधीलमाशी चावली का? मी म्हणलं, पुटकुळी हाय. तर लोक खो खो हसाय लागले. शिवानीला लई राग आला. अन् बाई, तिनं स्कार्फ सोडला. सोडला, अन् माझ्या तोंडाला बांधला. म्हणली, अप्पा, बघू नका कुणाकडं. तिचं तोंड उघडं पडलंय, हे तिच्या ध्यानातच न्हाई!"

"मग?"

"मग काय, मी हललोच न्हाई. आत घामानं नाक चुरचुरून राहिलं होतं. पण सोडला असता तर तिनं परत घेतला असता. तसाच बांधून हॉस्टेलात गेलो. खोलीत तीन पोरी. त्यातल्या दोघींच्या तोंडावर बी हायतच की ओ! चौघी बोलत बसल्या, अन् मी गपचूप स्कार्फ घेऊन निघालो."

एवढं बोलून अप्पा त्याच स्कार्फनं डोळे पुसायला लागले. मीही पदर शोधत होते.

नाक बरं झालं. मशीन आता मिलमध्ये चाळणीची भोकं साफ करते, आणि अप्पा म्हणतात, त्या कामाला तिला तोड नाही. स्कार्फ त्यांनी धुवून, घडी करून देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवलाय. दर रविवारी शिवानीचा व्हिडिओ कॉल येतो. अप्पा फोन घेऊन ओट्यावर येतात, मलाही दाखवतात. पुटकुळ्या आहेत अजून, थोड्या बसल्यात. पोर खळखळून बोलते, फोन इतका जवळ धरते की सगळ्या पडद्यावर तिचंच तोंड.

परवाच्या रविवारी फोन बंद झाल्यावर अप्पा तसेच बसून राहिले. मांडीवर घडी केलेला स्कार्फ होता.

"आज बी मागितला न्हाई बाई."

"चांगलंच आहे की अप्पा."

"चांगलंच हाय. कधीच मागू नये असं वाटतं बघा." त्यांनी घडीवरून हात फिरवला. "पण मागितला असता, तर द्यायच्या निमित्तानं नांदेडला जाऊन आलो असतो."